चार नंबरच्या खाटेपाशी बोललेलं खोटं

सुमन सिस्टर,

परवा तुमचा दहावा झाला. तुमच्या भाच्याने आखाडा बाळापुरातच केला, नदीवर. दवाखान्यातून आम्ही चौघं ड्युट्या बदलून आलो होतो. पिंड ठेवला आणि आम्ही नीट हात जोडायच्या आत कावळा आला, शिवला आणि गेलासुद्धा. तुमच्या वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बाईचं काईच राह्यलं न्हवतं बगा. मोकळी गेली." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मात्र मागे उभा राहून चडफडत होतो.

कारण मी तयारी करून आलो होतो. कावळा शिवेना झाला की कुणीतरी पुढे होतं आणि बोलतं, "पोरीचं लगीन आमी लावून देऊ, तू जिवाला लावून घेऊ नको." तसं मी पुढे होणार होतो. पाण्यात पाय बुडवून, चार माणसांच्या देखत, एकदाचं बोलून टाकणार होतो. तुमच्या कावळ्याने तेवढी सवडच दिली नाही. घाई तुम्हाला पहिल्यापासूनची. आता ते बोलायचं कुठे? म्हणून वहीचं पान फाडून लिहायला बसलो आहे.

गोष्ट एवढीच आहे. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. नऊ वर्षं हाताखाली काम केलं, शंभरदा भांडलो, पण तोपर्यंत तुमच्याशी खोटं कधी बोललो नव्हतो. बोलायची हिंमतच नव्हती, हेही खरं.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा कसा होतो, आठवतं? शिरड शहापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, खानदानात पहिल्यांदा नर्सचा पांढरा शर्ट घालणारा. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून दोन दिवस खुर्चीला पाठ टेकवली नव्हती. आठ खाटांचा तो आयसीयू, त्यातली यंत्रं, त्यांचे आवाज, सगळं मला कसं एकदम स्वच्छ आणि बिनचूक वाटायचं. आकडा वर गेला की औषध, खाली आला की दुसरं औषध. मध्ये माणसाने लुडबुड करू नये. तुम्ही तिसऱ्या दिवशी म्हणालात, "गजा, मेंढरं हाकल्यागत पेशंट काहून हाकून राहिला रे?"

मी म्हणालो, "शिस्त लागते, सिस्टर."

"लागती ना. पर मेंढराच्या तोंडाकडं बगत होतास का न्हाई? मंग हितं नुस्ता मॉनिटरकडंच काहून बगतोस?"

मला भयंकर राग आला. मेंढरं सोडून आलो होतो, आणि ही बाई सगळ्यांसमोर मला मेंढरांतच नेऊन बसवत होती.

मग चंपाबाई आल्या. तांड्यावरच्या, साठीच्या पुढच्या, साखर इतकी वाढलेली की आणलं तेव्हा बेशुद्ध. दोन्ही दंडांवर कोपरापासून वर पांढऱ्या बांगड्यांचा चुडा, घट्ट बसलेला. बीपीचा पट्टा बांधायला जागाच नव्हती. मी प्लास्टर कापायची कात्री घेतली आणि दोन्ही दंड मोकळे केले. तुकडे पिशवीत भरले, बेडखाली ठेवले. काम चोख झालं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी त्या शुद्धीवर आल्या. डोळे उघडले, हात वर करून बघितला, दुसरा बघितला, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. गोळी दिली की थुंकायच्या. पाण्याचा चमचा तोंडाशी नेला की दात आवळायच्या. सलाईन दोनदा उपसून काढलं, तेव्हा मी त्यांचा हात पट्टीने खाटेला बांधला आणि कागदावर लिहिलं: रुग्ण सहकार्य करत नाही.

सकाळी तुम्ही आलात. माझा कागद वाचलाच नाहीत. आधी त्यांच्या दंडाकडे बघितलंत.

"चुडा कुनी काढला?"

"मी. बीपी कसा घेणार मग?"

"काढलास ते बराबर केलंस. तिला सांगितलंस का?"

"बेशुद्ध होती, सिस्टर."

"आता हाय का बेशुद्ध?" मग आवाज खाली आणून तुम्ही म्हणालात, "अरे, तांड्यातल्या बाईच्या दंडावरचा चुडा नवरा मेल्यावर उतरत असतो. ती कालपासून रांडपन घेऊन पडलीय हितं."

 हे मला माहीत होतं. आमच्या मेंढवाड्याच्या पलीकडच्या माळावर तांडा होता, त्यांच्या लेकरांबरोबर खेळून मी मोठा झालो होतो. माहीत होतं आणि तरी आठवलं नाही. पांढरा शर्ट घातला की गावाकडचं विसरायचं असतं, अशी माझी समजूत होती.

तुम्ही बाहेर गेलात. सायकल स्टँडजवळच्या लिंबाखाली दोन दिवसांपासून बसून असलेल्या त्यांच्या नवऱ्याला, रामजीबुवांना, पायातल्या चपलांसकट आत घेऊन आलात. मी म्हणालो, "भेटायची वेळ नाही ही." तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हातारा खाटेपाशी जाऊन उभा राहिला. चंपाबाईंनी मान वळवली, त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि त्यांच्या बोलीत असा काही तोंडाचा पट्टा सोडला की मॉनिटर वाजायला लागला. रामजीबुवा हसत होते आणि त्यांच्या मिशांवरून पाणी गळत होतं. काय म्हणाली, असं तुम्ही विचारलंत तेव्हा ते म्हणाले, "म्हंती, मेला न्हवतास तर दोन दिस कुटं मरायला गेला व्हतास?"

बांधलेला हात सोडायला तुम्ही मलाच लावलंत. सोडताना माफी मागायला लावलीत. तीही मोठ्याने.

तुमची ती पद्धत मग मला समजायला लागली. पटली मात्र नाही. नवा पेशंट आला, की नळ्या-सुया लागल्यावर तुम्ही बाहेर जाऊन नातेवाइकांना एकच गोष्ट विचारायच्या: "ह्यांचा जीव कशात रमतो?" कुठल्या देवाचं करतात, असं नाही विचारायच्या. जे उत्तर येईल ते पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून खाटेच्या डोक्याशी लावायच्या. एकाच्या डोक्याशी 'सकाळची काकड आरती'. एका चाचांच्या डोक्याशी 'लेकीच्या तोंडून कुराण'. एका बाईच्या डोक्याशी नुसतं 'चंद्री', आणि ती म्हैस निघाली. सलाईन लावताना तुम्ही त्या बाईला सांगत होतात, "चंद्रीनं आज दोन्ही टाइम दूध दिलं म्हनं, तुमचा ल्योक सांगत होता." बाईचे ओठ हलले. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि तरी दुपारी तुमच्याशी वाद घातला, की तीन पेशंटमागे एक नर्स आहे, असली चौकशी करायला वेळ कुणाकडे आहे?

"सुई टोचताना तोंड रिकामंच असतंय ना तुजं?" तुम्ही म्हणालात.

आणखी एक होतं तुमचं. बेशुद्ध माणसालाही सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. "दादा, कूस बदलून राहिलो हं." "माय, तोंड पुसते." नव्या पोरी हसायच्या. मीही हसलो आहे.

पण आपलं खरं भांडण वेगळंच होतं. ते नऊ वर्षं चाललं आणि अर्धवटच राहिलं.

पेशंटने विचारलं, मी वाचतो का? तर काय सांगायचं? माझं म्हणणं, सांगायचं की काही होत नाही, बरे होताल. ते सांगायला काय जातं? माणूस धीर धरतो. तुमचं म्हणणं, खोटं बोलायचं नाही. नको तितकं सांगायचं नाही, पण विचारलं तर खोटं नाही. कनेरगाव नाक्याच्या धाब्यावरचा तो आचारी आला होता ना, लिव्हर गेलेला, त्याने तुमचा हात धरून विचारलं. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "लै अवघड हाय, दादा. कुनाशी बोलायचं राह्यलं असंल तर बोलवू का?"

मी पडद्यापलीकडे होतो. माझं डोकंच फिरलं. सांगायचं ते डॉक्टरांचं काम, आपलं नव्हे. डॉक्टरांनीही तुम्हाला केबिनमध्ये बोलावून सुनावलं. बाहेर आल्यावर मी वर तोंड करून म्हणालो, "तुम्ही त्याची आशा काढून घेतलीत, सिस्टर."

"आशा कुटं होती त्याला? भेव होतं. आन् त्या भेवात तो एकटा होता."

त्या आचाऱ्याने धाकट्या भावाला बोलावलं. दोघं बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भाऊ आला, पायाशी बसला, आणि दोघं पोहायला शिकलेल्या विहिरीबद्दल तासभर बोलत होते. तिसऱ्या दिवशी आचारी गेला. मी तरीही तुमच्याशी चार दिवस अबोला धरला. हट्टाला पेटलो की मीही काही कमी नाही. पाचव्या दिवशी तुम्ही डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर वाढलीत आणि विषय तिथेच राहिला. पटलं कुणालाच नव्हतं.

मग तुम्हीच पेशंट झालात.

फुप्फुसं आधीच खराब होती, हे तुम्ही आमच्यापासून दोन वर्षं लपवलंत. बघा, खोटं न बोलणारी बाई! न्यूमोनिया झाला आणि चार नंबरच्या खाटेवर आलात. नाकातोंडावर मास्क, यंत्राने आत ढकललेला श्वास. घशात नळी घालायची नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून लिहून घेतलंत.

आम्हाला सगळ्यांना तुमचं काहीतरी करायचं होतं. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं, की तुमचा जीव कशात रमतो ते आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. तुम्ही कुणाच्या खाटेपाशी अभंग म्हणत होतात, कुणापाशी बुद्धवंदना, रमजानमध्ये चाचांच्या लेकीला रोजा सोडायला खजूर आणून देत होतात. तुमचं स्वतःचं काय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "आत्या दवाखान्यातच तर असायची."

मग मीच ठरवलं. माझ्या मोबाईलवर हरिपाठ लावून उशाशी ठेवला. एकीने कुठल्याशा मठाचा अंगारा आणला. एकीने गजरा आणून खाटेच्या कठड्याला बांधला. तुम्ही दोन दिवस निमूटपणे सहन केलंत. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या घोटासाठी मास्क काढला तेव्हा म्हणालात, "बंद कर ते. दोन दिवस झालं, कान किटले."

"मंग काय लावू?"

"काईच नको. वॉर्ड ऐकू दे."

तेवढ्यात तुम्हाला दम लागला. मी मास्क लावला. पण तुम्ही पुन्हा तो सरकवलात. "सकाळचं हँडओव्हर माझ्या खाटेपाशी उबं राहून देत जा. मोठ्यानं."

पाळी बदलताना एक नर्स दुसरीला खाटेखाटेने पेशंटची हकीकत सांगते, तेवढं ते हँडओव्हर. पंधरा मिनिटांचं रटाळ काम. एक नंबरला रात्री ताप नाही, दोन नंबरची ड्रेसिंग बाकी. तुमचा जीव त्यात रमत होता! मला हसू आलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडू आलं. त्या दिवसापासून रोज सकाळी आठला आम्ही तुमच्या पायाशी उभे राहायचो आणि मी मोठ्याने सांगायचो. तुम्ही डोळे मिटून ऐकायच्या. कुठे चुकलं की कठड्यावर बोट आपटायच्या. "तीन नंबर, पोटॅशियम," असं मास्कमधूनच घोगरं काहीतरी यायचं, आणि ते बरोबर असायचं. तुमचा चेहरा त्या पंधरा मिनिटांत परत इन्चार्ज सिस्टरचा व्हायचा. इतकं समाधान मी देवळातही कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

रोज मी तीनवरून पाचवर उडी मारायचो. तुम्ही काही बोलायच्या नाहीत.

त्या सकाळी बोललात. तीन नंबर संपवून मी "पाच नंबर" म्हणालो आणि कठड्यावर बोट वाजलं. तुम्ही मास्क काढून हातात धरलात.

"चार नंबरचं?"

कागद माझ्या हातात होता. ऑक्सिजन पूर्ण जोराने सोडूनही रक्तातलं त्याचं प्रमाण चढत नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून लघवी जवळपास बंद होती. डॉक्टरांनी भाच्याला बाहेर नेऊन सांगितलं होतं, आज किंवा उद्या. तुम्ही पस्तीस वर्षं हे आकडे वाचलेत, तुम्हाला मॉनिटर दिसत होता. तरी तुम्ही मला विचारलंत. मी कागदाकडे बघत म्हणालो, "चार नंबर, पेशंट स्थिर आहे."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता मास्क फेकून माराल. वाट बघत होतो, की म्हणाल, काहून खोटं बोलून राहिला रे, भाड्या. नऊ वर्षांत ऐकून घेतलं नव्हतं, आताही घेणार नाही. पण तुम्ही फक्त म्हणालात, "बरं." मग विचारलंत, "डबा खाल्लास का?"

"खाल्ला," मी म्हणालो. तेही खोटंच.

मग तुम्ही स्वतःच्या हाताने मास्क परत लावलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. मी शेजारीच होतो, तुमचं मनगट माझ्या हातात होतं. नंतरचं आंघोळीचं काम बायांनी केलं, मी पडद्याबाहेर उभा होतो. आतून नव्या सिस्टरचा आवाज येत होता, रडका, पण ठाम: "बाई, हात उचलते हं. बाई, आता पाठ पुसते." पूर्वी हसायची ती हीच. ते ऐकून मला तुमचा एवढा अभिमान वाटला, की क्षणभर वाटलं आत जाऊन तुम्हाला सांगावं.

त्या 'बरं'चा मी इतके दिवस विचार करतो आहे. पहिल्यांदा वाटलं, तुम्ही चिडलात. मग वाटलं, थकलात. आता वाटतं, तुम्ही नेहमीसारखं आकडे सोडून तोंडाकडे बघितलंत, आणि तुमच्या लक्षात आलं की चार नंबरपाशी घाबरलेलं माणूस खाटेवर नव्हतं, उभं होतं. तुमच्या हयातीतली शेवटची सेवा तुम्ही माझी केलीत. त्याबद्दल पाया पडावं असं वाटतं आणि तुमच्यावर खूप राग येतो. मला इतक्या सहज सोडून द्यायला नको होतंत. एवढं एक भांडण जिंकायला हवं होतंत, सिस्टर.

तर आता सांगतो, ऐका. चार नंबर. सुमनबाई, वय सत्तावन्न. पूर्ण शुद्धीत, सगळं समजतं. श्वास यंत्रावर भागत नाही. किडनी थांबत आली आहे. दुखत नाही, त्याची काळजी घेतली आहे. भाचा बाहेर बसला आहे, त्याला माहीत आहे. आज किंवा उद्या पेशंट जाणार. सांगणाऱ्याला ती जायला नको आहे, सांगणारा लेकरासारखा घाबरला आहे, पण तो इथेच उभा आहे.

एवढंच बोलायचं होतं. एका मिनिटाचं काम. आणि बोललो असतो तर पुढे काय झालं असतं, हे मला आता कळतं आहे, म्हणून जीव तुटतो. त्या आचाऱ्याला खरं सांगितलं तर त्याने भावाला बोलावलं. तुम्ही प्रश्न विचारलात आणि विचारून झाल्यावरही मास्क हातातच धरून ठेवलात. दम लागत होता, ओठ निळे पडत होते, तरी माझं उत्तर येईपर्यंत लावला नाहीत. ऐकायला मास्क काढावा लागत नाही, सिस्टर. तुम्हाला माझ्या उत्तरानंतर काहीतरी बोलायचं होतं.